हसू आणि हसे: स्मृतिभ्रंश असलेल्या घरात हसावे की नाही?

महालची सून

माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत आणि गेल्या सहा वर्षांपासून त्यांना अल्झायमरचा स्मृतिभ्रंश आहे. मागच्या आठवड्यात घरी आलेल्या एका नातेवाइकांनी आम्हा नवरा-बायकोला आईंबरोबर मोठमोठ्याने हसताना पाहिले आणि निघताना दारात चपला घालता घालता ते मला म्हणाले, "त्यांना काही समजत नाही म्हणून तुम्ही हसून राहिले न?" तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

आमचे सासरे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली ती मिल केव्हाच बंद पडली आणि तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे, पण आईंच्या कानात तिचा भोंगा अजून वाजतो. संध्याकाळी उन्हे उतरली की त्यांची चुळबुळ सुरू होते आणि त्या मला हाक मारतात, "भोंगा झाला माय, डबा भर, ते निघून राहिले." पहिली दोन वर्षे मी त्यांना खरे तेच सांगत असे, की मिल बंद झाली आणि बाबांना जाऊन वीस वर्षे होत आली. ती बातमी त्या दर वेळी पहिल्यांदाच ऐकत आणि दर वेळी तितक्याच आकांताने रडत. एका बाईला रोज संध्याकाळी नव्याने विधवा करण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे वाटू लागले, तेव्हा मी गुपचूप डबा भरायला घेतला.

एके दिवशी त्यांनी डब्याचे झाकण उघडून आत पाहिले आणि झुणका कमी टाकल्याबद्दल मला बोल लावला. मी सहज म्हणाले, "डॉक्टरांनी त्यांना पोट कमी करायला सांगितलं आहे, आई." त्यांनी माझे मनगट धरले, पदर तोंडाला लावला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "ते पोट का आजचं आहे? बोहल्यावर अंतरपाट धरला तर त्याच्या आधी ते पोटच माझ्यापाशी पोहोचलं होतं!" लग्नाला इतकी वर्षे होऊनही ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या रात्री त्या एकदाही उठल्या नाहीत.

आता दुसरे हसणे सांगते, जे त्यांच्यासमोर नसते. त्या माझ्या नवऱ्याला, म्हणजे पोटच्या मुलाला, भाडेकरू समजतात. पहिल्यांदा त्यांनी "तू कोण? भाडं कधी देशील?" असे विचारले, तेव्हा तो न्हाणीघरात नळ सोडून रडला होता. पुढे काही महिन्यांनी तो त्यांच्या हातावर दहाची नोट ठेवू लागला आणि त्या ती नोट उलटसुलट पाहून "मागच्या महिन्याचं बाकी आहे" असे बजावू लागल्या. मध्यरात्री ओली चादर तिसऱ्यांदा बदलून झाल्यावर आम्ही दोघे स्वयंपाकघरात बसतो आणि कोणीतरी "मागच्या महिन्याचं बाकी आहे" असे म्हणतो, तेव्हा आम्हाला हसू आवरत नाही. ते हसणे नसते तर आमच्यापैकी एक जण केव्हाच हे घर सोडून गेला असता, असे मी पूर्ण विचाराअंती लिहीत आहे. यात आईंचा अपमान होतो, असे आपणास वाटते का?

नॅरोगेज

होय, मला वाटते. आपण सेवा मनापासून करता हे आपल्या प्रत्येक ओळीतून दिसते, तरीही मी आपल्या नातेवाइकांच्या बाजूने बोलणार आहे.

माझे वडील इतवारी ते नागभीड या नॅरोगेज गाडीवर गार्ड होते. ती छोटी गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ साली बंद झाली, परंतु बाबा त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झाले होते आणि आता आजारपणात ते पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले आहेत. हिरवी झेंडी त्यांच्या उशीखाली असते. गेल्या दिवाळीला सगळे कुटुंब जमले असताना घरातल्या मुलांनी "आजोबा, गाडी सोडा" असा लकडा लावला. बाबा उठले, झब्बा सारखा केला, दोन्ही बाजूंना नीट पाहिले आणि झेंडी दाखवली, कारण त्यांच्या दृष्टीने ते काम होते. सगळे खो खो हसले. सगळे हसले म्हणून बाबाही हसले आणि त्याचा व्हिडिओ निघून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. रात्री ते जेवले नाहीत. झेंडीची घडी घालत, पुन्हा उलगडत ते पलंगावर बसून होते आणि मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "सगळे काहून हसत होते?" गाडी आणि मुले ते केव्हाच विसरले होते, हसणे मात्र त्यांच्या मनात तसेच राहिले होते.

हा केवळ माझा भास नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखी दृश्यफिती दाखवल्या होत्या. थोड्याच वेळात आपण काय पाहिले ते त्यांना जवळजवळ आठवेनासे झाले, पण मनातले दुःख बराच वेळ टिकून राहिले. म्हणजे प्रसंग पुसला जातो आणि त्याची झळ राहते. त्यामुळे "त्यांना कुठे लक्षात राहते" ही सबब मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषेची आहे. "साठी बुद्धी नाठी" आणि "म्हातारचळ लागला" हे बोल आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, म्हणजे वार्धक्यातील विसरण्याला आजार म्हणण्यापूर्वीच आपण त्याला चेष्टेचा विषय करून ठेवलेले आहे. अशा समाजात घरच्यांनीही हसायला सुरुवात केली, तर बाहेरच्यांना अडवायचे कोणत्या तोंडाने? मध्यरात्रीचे स्वयंपाकघरातले हसणे तिथेच थांबते, यावर माझा विश्वास नाही. ते दुसऱ्या दिवशी आवाजात उतरते आणि मग हळूहळू सगळ्या घराचे वळण होते.

महालची सून

आपल्या बाबांचा प्रसंग वाचून मला गहिवरून आले. तरीही एक गोष्ट नोंदवते. त्याच अभ्यासात त्याच रुग्णांना आनंदी दृश्यफितीही दाखवल्या होत्या आणि त्यांचा आनंदही आठवणीपेक्षा जास्त काळ टिकला होता. झळ राहते हे खरे असेल तर ऊबही राहते. अंतरपाटाची गोष्ट आई दहा मिनिटांत विसरल्या, पण त्या रात्रीची शांत झोप मी डोळ्यांनी पाहिली आहे. आपल्या बाबांच्या बाबतीत हसणारे वीस जण होते आणि ते एकटे होते. माझ्या स्वयंपाकघरात विनोद आईंनीच केला होता आणि मी त्यांच्या विनोदाला दाद दिली. मराठीत हसू आणि हसे हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगीच नाहीत.

मात्र आपला शेवटचा मुद्दा मला नाकारता येत नाही आणि इथे खोटे बोलण्यात अर्थ नाही. भाड्याची गोष्ट मी एकदा नणंदेला फोनवर सांगितली. पुढच्या भेटीत तिच्या मुलाने आईंना विचारले, "आजी, माझं भाडं किती?" आईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि हातातली वाटी खाली ठेवून दिली. ती गोष्ट मी घराबाहेर काढायला नको होती.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि गेली अनेक वर्षे सीताबर्डी, धरमपेठ भागांत घरोघरी रात्रीच्या ड्यूट्या करत आले आहे. दोन्ही बाजू वाचल्या. मला या प्रश्नाचे उत्तर सरसकट हो किंवा नाही असे देता येत नाही, कारण स्मृतिभ्रंश हा एकच आजार नाही, त्याचे अनेक प्रकार आहेत. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी आधी जातात आणि जुन्या बऱ्याच काळ तग धरतात, म्हणून मिलचा भोंगा आणि हिरवी झेंडी टिकून राहतात आणि त्यांच्या आधाराने गप्पागोष्टी, गाणी, थट्टामस्करी जमते. मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होणाऱ्या प्रकारात मात्र माणसाला टोमणा किंवा तिरकस बोलणे कळेनासे होते. तिथे आपण गमतीने "वा, काय पराक्रम केलात!" असे म्हटले की तो ते खरेच समजतो. कित्येकदा असा रुग्ण मयताच्या घरी स्वतःच हसत सुटतो. त्याच्याशी सरळ शब्द, चेहऱ्यावरचे भाव आणि ताल एवढेच चालते.

हसण्याने आजार बरा होतो, असा प्रचारही कोणी करू नये. ऑस्ट्रेलियात सिडनी येथील ३५ वृद्धाश्रमांत प्रशिक्षित विदूषकांना आठवड्यातून एकदा पाठवून एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. रहिवाशांची उदासी त्यामुळे कमी झाली नाही, परंतु चिडचिड, ओरडणे, येरझारा घालणे हे मात्र कमी झाले. ज्याने रात्रभर येरझारा घालणाऱ्या माणसामागे फिरून पाहिले आहे, त्यालाच याचे मोल कळेल.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हसण्याच्या नादात माणसाकडे पाहायचे राहून जाते. एका घरात मे महिन्याच्या भर दुपारी आजोबा स्वेटर आणि मफलर घालून बसले होते. आपल्या नागपूरचा मे महिना कसा असतो, हे सांगायला नको. घरातल्या सर्वांना त्याची मोठी गंमत वाटली आणि त्यांचा फोटोही काढला गेला. संध्याकाळी मी पोहोचले तेव्हा त्यांची जीभ कोरडी ठणठणीत होती, लघवी दिवसभर झाली नव्हती आणि ते भिंतीशी बोलत होते. त्यांना तातडीने दवाखान्यात न्यावे लागले. या आजारात तहान आणि उकाडा जाणवणे कमी होते. शिवाय, महिनोन्महिने सावकाश बदलणारा माणूस एक-दोन दिवसांत अचानक जास्त बरळू लागला, तर तो नेहमीचा विसराळूपणा नसून लघवीतला संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठ किंवा नव्या औषधाचा परिणाम असू शकतो आणि त्याला लगेच डॉक्टर लागतो. "आज आजोबा फॉर्मात आहेत" असे म्हणणाऱ्या घरांत हा उशीर मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. म्हणून हसण्याआधी नाडी, जीभ आणि लघवीचा रंग पाहावा, एवढीच माझी विनंती आहे.

त्रिमूर्तीनगर

माझे म्हणणे कदाचित कोणालाच रुचणार नाही. मी चार वर्षांपासून नवऱ्याची एकटीने सेवा करत आहे. सुरुवातीला मीही आलेल्या-गेलेल्यांना त्यांच्या गमती रंगवून सांगत असे: त्यांनी फ्रिजमध्ये ठेवलेले बूट, दात घासण्यासाठी घेतलेले दाढीचे क्रीम, आरशातल्या स्वतःला दिलेले चहाचे आमंत्रण. लोक पोट धरून हसत आणि जाताना म्हणत, "तुम्ही किती हसतमुख आहात हो, तुमचं खरंच कौतुक आहे." कौतुक करून ते निघून जात. दोन तास घरी थांबतो, तुम्ही बँकेचे काम करून या, असे या चार वर्षांत एकही माणूस म्हणालेला नाही. दीर आणि जाऊ दर रविवारी पुण्याहून व्हिडिओ कॉल करतात, एखादा किस्सा ऐकतात आणि इकडे सगळे छान चालले आहे, असे समजून समाधानाने फोन ठेवतात.

त्यामुळे मी आता गमती सांगणे बंद केले आहे. कोणी विचारले तर सांगते, की काल रात्री त्यांनी मला ढकलले, माझा हात सुजला आहे, मी तीन तास झोपले आणि मला गुरुवारी दोन तास हवे आहेत. ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखे होते, तर होऊ दे. हसून सांगितलेल्या दुःखाला मदत हवी आहे, असे लोकांना वाटत नाही, हे मी अनुभवाने शिकले. सेवा करणाऱ्याने घरात हवे तेवढे हसावे, परंतु बाहेरच्यांपुढे तरी आपल्या हसण्याने त्यांची सुटका करू नये.

महालची सून

त्रिमूर्तीनगर, मला हे सुचले नव्हते. नणंदेला मी भाड्याची गोष्ट सांगितली, पण चादर तीनदा बदलल्याचे कधी सांगितले नाही. आजच तिला फोन करून महिन्यातले दोन शनिवार-रविवार मागणार आहे. आणि आपला गुरुवार माझ्याकडे लागला. आपला पत्ता मला निरोपातून कळवावा. डब्याची वेळ होण्याआधी मला परत महाल भागात घरी पोहोचावे लागेल, म्हणून सकाळी अकरा ते एक मला सोयीचे पडेल.

नॅरोगेज

मी दोन दिवस ही चर्चा पुन्हा पुन्हा वाचत होतो. रात्रीच्या हसण्याबद्दलचे माझे मत बदललेले नाही. जी गोष्ट त्या माणसाला सांगून त्याच्याबरोबर हसता येत नाही, तिच्यावर हसू नये, असेच मला वाटते. मात्र मी बाबांसमोर हसणेच सोडून दिले होते, ही माझी चूक होती. दिवाळीनंतर मी त्यांच्याशी औषध, आंघोळ आणि जेवण याखेरीज काही बोललेलोच नाही, हे महालच्या ताईंचा डबा वाचताना लक्षात आले.

काल संध्याकाळी बाबांनी उशीखालून झेंडी काढली, तेव्हा मी खुर्ची त्यांच्या पलंगाजवळ ओढून बसलो आणि विचारले, "बाबा, गाडीला उशीर झाला का?" त्यांनी घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहिले, खिडकीबाहेर पाहिले, मग माझ्याकडे वळून इंजिन ड्रायव्हरबद्दल असे काही बोलले की आम्ही दोघेही बराच वेळ हसत राहिलो. आई दारात येऊन उभी राहिली. काय बोलले, ते मी इथे लिहिणार नाही. ते त्यांनी मला सांगितले होते.