बर्लिनमध्ये खरं जर्मन जेवण कुठे मिळेल? (बाबांसाठी विचारतेय)

मृण्मयी_के

नमस्कार मंडळी. मी ऑक्टोबरपासून बर्लिनला, वेडिंग भागात राहते. मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून तीन आठवड्यांसाठी येतायत.

बाबा 1986 साली सहा महिने पश्चिम बर्लिनमध्ये, सीमेन्सश्टाटला ट्रेनिंगसाठी होते. तेव्हा भिंत उभी होती. तिथल्या कँटीनमधला एक पदार्थ ते अजून काढतात: पांढऱ्या दाट रश्श्यात उकडलेले खिम्याचे गोळे, त्यात आंबट-खारट हिरवे दाणे, सोबत उकडलेले बटाटे आणि बीट. बिटामुळे रस्सा कडेने गुलाबी व्हायचा म्हणे. नाव आठवत नाही. मला तो पदार्थ त्यांना खाऊ घालायचाच आहे.

माझ्या गल्लीत तुर्की, लेबनीज, व्हिएतनामी सगळं आहे, जर्मन एकही नाही. अलेक्झांडरप्लाट्झजवळ एका मोठ्या ठिकाणी गेले होते. मेनूवर फोटो, सहा भाषा, वाढणाऱ्या मुलींच्या अंगात बव्हेरियन पोशाख. श्निट्झेल (पाव-चुऱ्यात घोळून तळलेला मांसाचा पातळ तुकडा) मधोमध गार होतं आणि बिल 24 युरो. बाबांना तिथे न्यायची इच्छा नाही. आई अंडं खाते, मांस-मासे नाही.

कोथरूडकर

त्सुअर लेट्स्टन इन्स्टान्त्स. क्लोस्टरश्ट्रासं स्टेशनपासून चालत पाच मिनिटं, जुन्या तटबंदीच्या उरलेल्या भिंतीला लागून. 1621 पासूनची खानावळ म्हणवतात. शेजारी कोर्ट आहे, म्हणून नाव 'शेवटचं न्यायालय' आणि पदार्थांनाही कोर्टातली नावं. पर्यटक असतात, पण स्वयंपाक बर्लिनचाच. टेबल आधी राखून ठेवा.

श्प्रेकाठी

मृण्मयीताई, बाबांच्या पदार्थाचं नाव क्योनिग्सबेर्गर क्लॉप्से. हिरवे दाणे म्हणजे केपर, एका झुडपाच्या न उमललेल्या कळ्या, मिठात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या. बिटाचं त्यांना बरोबर आठवतंय, तीच जुनी जोडी. क्योनिग्सबेर्ग म्हणजे आजचं रशियातलं कालिनिनग्राड. दुसऱ्या महायुद्धानंतर ते शहर सोव्हिएत संघाकडे गेलं, तिथले जर्मन इकडे आले आणि पदार्थ त्यांच्याबरोबर राहिला. पूर्व जर्मनीत हे नाव नको होतं, म्हणून तिथे त्याला 'कोखक्लॉप्से' म्हणायचे, म्हणजे नुसते उकडलेले गोळे. अजूनही पूर्वेकडच्या एखाद्या फळ्यावर तसं लिहिलेलं दिसलं तर दचकू नका.

आता कुठे खायचं. मी इथे 19 वर्षं आहे आणि पहिली चार वर्षं तुमच्यासारखाच चुकीच्या वेळी शोधत होतो. आपण संध्याकाळी, नटूनथटून 'जर्मन रेस्टॉरंट' शोधतो. इथलं घरगुती गरम जेवण दुपारचं असतं. बारा ते दोन. खाटकाच्या दुकानात जा, खरंच. दारावर 'फ्लायशराय' लिहिलेलं असतं. जुन्या दुकानांत काचेमागे मांस आणि एका कोपऱ्यात गरम पातेली असतात, बाहेर फळ्यावर 'मिटाग्सटिश', म्हणजे दुपारचं जेवण, म्हणून आठवड्याचे वार लिहिलेले. सोमवारी मसुराचं सूप, मंगळवारी गुलाश, असं. उंच टेबलाशी उभं राहून खायचं. बांधकामावरचे मजूर, पोस्टमन, पेन्शनवरच्या आजीबाई, सगळे रांगेत. बऱ्याच ठिकाणी फक्त रोख चालते. दीडनंतर गेलात तर चांगलं संपलेलं असतं.

दुसरी जागा म्हणजे सरकारी कँटीन. काही राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतींत, बाहेरच्यांनाही जेवता येतं. क्रॉइत्सबेर्गच्या राटहाउसमध्ये दहाव्या मजल्यावर मी कितीतरी दुपारी जेवलोय, खिडकीतून अख्खं शहर दिसायचं. ट्रे, स्टीलचे चमचे, रश्श्याचा मोठा डाव. बाबांना 1986 आठवायला असलंच काहीतरी लागेल, मेणबत्त्या नव्हेत. सध्याच्या वेळा विचारून घ्या.

रेस्टॉरंटच हवं असेल तर पाटीवर 'गुटब्युर्गरलिश' हा शब्द शोधा: साध्या मध्यमवर्गीय घरातलं जेवण. मेनू लहान हवा. आणि आइसबाइन मागितल्यावर काय येतं ते पाहा. बर्लिनचं आइसबाइन म्हणजे मिठवणीत मुरवून उकडलेला डुकराच्या पायाचा तुकडा, मऊ, सोबत वाटाण्याचं घट्ट वरण आणि आंबवलेला कोबी. भाजून कुरकुरीत केलेला पाय बव्हेरियाचा. तोही चांगला, पण म्युनिकला खावा. बर्लिनमध्ये बव्हेरियन झेंडे लावून 'जर्मन' विकणं म्हणजे मुंबईत येणाऱ्या पाहुण्याला बटर चिकन देऊन 'हे आमचं' म्हणण्यासारखं आहे. मला त्याचा मनापासून राग येतो.

क्लॉप्सेत मूळ वासराचं मांस, पुष्कळदा डुकराचंही, आणि थोडा खारवलेला अँचोव्ही मासा. बाबांना काय चालतं ते आधी विचारा.

अबोली७

आईंचं मी सांगते, माझ्या सासूबाई दोनदा येऊन गेल्यात. 'सेन्फआयर' मागा: उकडलेली अंडी, मोहरीच्या पांढऱ्या रश्श्यात, बटाट्याबरोबर. आणि सालासकट उकडलेले बटाटे, क्वार्क आणि जवसाचं तेल. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्का, त्यात कांदा आणि कांद्याची पात. श्प्रेवाल्डकडचं साधं शेतकऱ्याचं जेवण. सासूबाई म्हणाल्या, जवसाची चटणी खाल्ल्यासारखं वाटलं.

फसवे पदार्थ: परतलेल्या बटाट्यांत डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे असतात, लाल कोबीतही पुष्कळदा डुकराची चरबी, वाटाण्या-मसुराच्या सुपात सॉसेज. 'फेगेटारिश' एवढं विचारून थांबू नका, 'इस्ट दा श्पेक ड्रिन?' (यात डुकराची चरबी आहे का?) असं थेट विचारा.

मे महिना म्हणजे पांढऱ्या श्पार्गेलचा, ॲस्परॅगसचा. बेलित्सहून ताजा येतो, 24 जूनला हंगाम संपतो. वितळलेलं लोणी आणि नवे बटाटे, बस. हॅम नको म्हणून सांगा.

डोनरभक्त

बर्लिनचं खरं जेवण डोनर आहे, फिरत्या सळईवर भाजलेल्या मांसाचे काप. 1972 पासून कादिर नुरमान यांनी झो स्टेशनजवळ पावात भरून विकला, असं मानलं जातं. तुमच्या बाबांनी 1986 साली तोही खाल्ला असेल! करीवुर्स्ट, म्हणजे करी मसाला घातलेला सॉसेज, तोही इथलाच, हेर्टा ह्यॉवर बाईंनी 1949 साली शार्लोटेनबुर्गमध्ये काढला.

श्प्रेकाठी

मान्य, दोन्ही बर्लिनचेच. एबर्सवाल्डर श्ट्रासं स्टेशनखाली कोनोप्केंकडे बाबांना करीवुर्स्ट खायला न्या, 1930 पासूनची टपरी आहे. 'ओनं डार्म' म्हणजे बिनआवरणाचा, बर्लिनची खास तऱ्हा. पण ताईंचा प्रश्न क्लॉप्सेचा आहे.

मृण्मयी_के

उशिरा कळवतेय. वेडिंगमध्येच, घरापासून दोन ट्राम स्टॉपवर फ्लायशराय निघाली. रोज तिथून जायचे, फळा कधी वाचला नव्हता. क्लॉप्से बुधवारी. आम्ही पावणेएकला पोचलो, रांगेत अकरा जण. बाबांनी स्वतः मागितलं, चाळीस वर्षांपूर्वीच्या जर्मनमध्ये, आणि बीट आहे का विचारलं. होतं.

पहिला घास घेऊन ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, रस्सा तेव्हा जास्त आंबट होता. काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी बरणीतून चमचाभर केपर आणि त्याचं पाणी वर घातलं. "हां, आता." पुढच्या बुधवारी पुन्हा गेलो, आणि तिसऱ्याही.

आईला क्वार्क-बटाटे इतके आवडले की तिला जवसाचं तेल पुण्याला न्यायचंय. अबोलीताई, उघडल्यावर ते लवकर कडू होतं असं दुकानदार म्हणाला. अडीचशे मिलीच्या दोन बाटल्या नेऊ की एकच?