उन्हाच्या देशात बर्फावरची हॉकी: आपल्याकडे लीग का नको?

मिरजेचा बाबू: ऑस्ट्रेलियात २००० पासून आइस हॉकीची राष्ट्रीय लीग चालू आहे. पर्थ, ब्रिस्बेनसारख्या उन्हाच्या शहरांचेही संघ आहेत. त्यांचा गुडॉल चषक तर शंभर वर्षांहून जुना. आपल्याकडे लडाखात तळी गोठली की पोरंपोरी खेळतातच, २०२५ मध्ये मुलींनी आशिया चषकात ब्राँझ आणलं. खालच्या शहरांत चार-सहा रिंक, म्हणजे कृत्रिम बर्फाची मैदानं बांधा आणि होऊ द्या लीग.

तासगावचा बेदाणा: बाबूराव, आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथं चार-पाच अंश पुरतात, तरी मे महिन्याचं बिल बघून मला घाम फुटतो. रिंकचा बर्फ शून्याखाली ठेवायचा, तोही साठ मीटर लांब, आणि वर माणसं बसणार. लाइट गेली तर बेदाणा दार लावून तग धरतो, बर्फाचं काय? आणि ऑस्ट्रेलियाचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑगस्ट, म्हणजे त्यांच्याकडचे थंडीचे महिने. हे मात्र तुम्ही गाळलंत.

सातारी कंदी: साताऱ्यात तिरंदाजीची कुठं परंपरा होती? तरी आमची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, सतराव्या वर्षी. सोय द्या, मग बोला.

तासगावचा बेदाणा: धनुष्याला लाइटबिल येत नाही, ताई.

कृष्णाकाठ: डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी रिंक बांधला, मग वर्षानुवर्षं कुलूप. बांधायला पैसे मिळतात हो, चालवायला मिळत नाहीत. त्यापेक्षा तालमींचे पत्रे बदला आधी.

मिरजेचा बाबू: कुलूप २०२५ मध्ये निघालं, तेही लिहा की. आणि लीग म्हटलं की तुम्हाला लगेच आयपीएलचा लिलाव का दिसतो? ऑस्ट्रेलियातले बहुतेक स्थानिक खेळाडू पगारावर खेळत नाहीत, नोकऱ्या सांभाळून खेळतात. बिलाचा मुद्दा मात्र बेदाणासाहेबांचा खरा, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझी पोरगी पहाटे साडेपाचला रस्त्यावर चाकांच्या स्केट्स घालून पळते, गाड्या सुरू व्हायच्या आत. खडीनं चाकं एका बाजूनं झिजलीत. गुळगुळीत बर्फावर पाय कसा सरकतो, हे तिनं फक्त मोबाइलवर बघितलंय.

तासगावचा बेदाणा: आणा की तिला एकदा स्टोरेजला. स्वेटर घालून आणा. बर्फ नाही मिळणार, पण चार अंश म्हणजे काय ते कळेल. त्याचं बिल नाही लावणार.