लॅक्रॉसच्या फेस-ऑफमध्ये शरीराचा संपर्क कितपत चालतो? सल्ला हवा आहे

मेरीलँडची आई:
नमस्कार. माझा मुलगा येथील (अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील) हायस्कूलच्या लॅक्रॉस (जाळी लावलेल्या स्टिकने चेंडू खेळण्याचा खेळ) संघात असून यंदा प्रशिक्षकांनी फेस-ऑफची, म्हणजे खेळ सुरू करताना दोन खेळाडूंनी जमिनीवरील चेंडूसाठी झुंजण्याची, जबाबदारी त्याच्यावर सोपवली आहे. शिट्टीनंतर दोघांमध्ये जी झोंबाझोंबी चालते, तिच्यातले काय नियमात बसते, हे बाहेरून पाहताना उमगत नाही. मागील सामन्यात विंगवरून (मैदानाच्या कडेकडून) धावत आलेल्या खेळाडूने त्याला धडक दिली, तेव्हा पंचांनी त्या खेळाडूला शिक्षा केली. परंतु त्याआधीची तशीच भासणारी धडक मात्र चालू दिली. यातला फरक कोणता आणि सरावात कशावर भर द्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शिट्टीवाला:
मी शालेय सामन्यांत पंच असतो, म्हणून हायस्कूलपुरते लिहितो. चेंडूसाठी वाकलेल्या दोघांचे खांदे एकमेकांना भिडणे स्वाभाविक आहे आणि आम्ही त्यासाठी खेळ थांबवत नाही. आमचे लक्ष असते ते हातांवर आणि स्टिकवर. प्रतिस्पर्ध्याची स्टिक हाताने पकडणे, अंगाखाली दाबून धरणे, तिच्यावर पाय देणे किंवा तिला लाथ मारणे नियमबाह्य आहे. चेंडूला मुद्दाम हात लावणे तर खेळाडूला न शोभणारे वर्तन समजले जाते. चेंडूवर स्टिक दाबता येते, पण तो लगेच हलवावा लागतो. साध्या उल्लंघनाने चेंडू समोरच्या संघाकडे जातो, आणि एका हाफमध्ये अशी दोनपेक्षा अधिक उल्लंघने झाली की पुढच्या प्रत्येक वेळी संघाला ३० सेकंदांची शिक्षा होते.

आता धडकेविषयी. चेंडू घेतलेल्या किंवा मोकळ्या (कोणाच्याही ताब्यात नसलेल्या) चेंडूजवळच्या खेळाडूला समोरून अथवा बाजूने, मानेच्या खाली आणि कमरेच्या वर धडक देता येते. मात्र डोके खाली घालून चेंडू उचलू पाहणारा खेळाडू असुरक्षित स्थितीत मानला जातो. त्याला धडक देणाऱ्यास २ किंवा ३ मिनिटे बाहेर बसावे लागते आणि त्या अवधीत गोल झाला तरी शिक्षा संपत नाही. पायांव्यतिरिक्त शरीराचा कोणताही भाग जमिनीला टेकलेल्या खेळाडूलाही धडक देता येत नाही. आपण पाहिलेला फरक बहुधा यामुळेच असावा: पहिल्या वेळी तो चेंडू घेऊन उभा राहिलेला असेल, दुसऱ्या वेळी वाकलेला. तरीही पंचांच्या शिट्टीवर विसंबून राहू नये. चेंडू बाहेर काढताक्षणी मान वर करून विंगकडे पाहण्याची सवय त्याला लावा. माझ्या मते ताकदीच्या व्यायामापेक्षा हे अधिक उपयोगी आहे.

मेरीलँडची आई:
मनःपूर्वक आभार. त्याच्या धाकट्या बहिणीलाही हा खेळ शिकायचा आहे. तिलाही हेच नियम लागू होतील का?

कॉलेज_मिडफिल्डर:
नाही. मुलींच्या खेळात फेस-ऑफऐवजी ड्रॉ असतो: दोघी उभ्या राहतात, चेंडू स्टिकच्या पाठींमध्ये कमरेच्या वर धरला जातो, तो दोघींच्या डोक्यांवरून उडावा लागतो आणि अंगावर धडक देण्यास मनाई असते. मुलाबाबत एक भर घालतो. महाविद्यालयीन पातळीवर २०२१ च्या हंगामापासून गुडघा टेकवून फेस-ऑफ घेण्यास आणि मोटरसायकल ग्रिप (मोटरसायकलच्या हँडलप्रमाणे दोन्ही तळवे खाली ठेवून स्टिक धरणे) वापरण्यास एनसीएएने (अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था) बंदी केली आहे. त्याला पुढे खेळायचे असेल, तर आतापासूनच पायांवर राहून सराव करू द्या, आणि शिट्टी दर वेळी कमीजास्त अंतराने वाजवा, म्हणजे तो अंदाजाने आधी निघणार नाही.

शिट्टीवाला:
शिट्टीबाबत पूर्ण सहमत आहे. आणखी एक गोष्ट: फेस-ऑफ घेणाऱ्याच्या स्टिकवर, जाळीच्या लगेच खाली, सहा इंचांची वेगळ्या रंगाची टेप हवी, जेणेकरून हात पुढे सरकल्याचे आम्हाला दिसते. सामन्याआधी ती तपासून घ्या.