मदत हवी आहे: सर्व्हरवरील मराठी फाईलसाठी कोणता एडिटर घ्यावा?

शब्दवेचा
शक्यतो आजच उत्तर हवे आहे, कारण शुक्रवारी यादी मार्गदर्शकांकडे द्यायची आहे. मालवणी शब्दांच्या सुमारे चार हजार नोंदींची एक फाईल मी विम या एडिटरमध्ये (मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या प्रोग्राममध्ये) संपादित करते. कर्सर जिथे दिसतो तिथे तो प्रत्यक्षात नसतो. ओळीच्या सुरुवातीला सारे ठीक असते, पण शेवटाकडे जाईपर्यंत तो चार-पाच घरे सरकलेला असतो. काल ‘वायंगणी’ या नोंदीतला ‘ण’ काढायला गेले आणि शेजारच्या अर्थाच्या रकान्यातले अक्षर उडाले. शिवाय ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला तर काही ओळी सापडतात आणि काही डोळ्यांसमोर असूनही सापडत नाहीत. विम सोडून कोणता एडिटर घ्यावा आणि तो कसा बसवावा?

कातळशिल्प
कोणती प्रणाली, कोणते टर्मिनल (आज्ञा लिहायची खिडकी), विमची कोणती आवृत्ती? फाईल तुमच्याच संगणकावर आहे की दुसरीकडे? एवढे कळल्याशिवाय एडिटर सुचवणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल.

जुनी दौत
विम सोडू नका. व्हीआय हा एडिटर बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिला आणि ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये त्याच धर्तीचा सुधारित एडिटर, म्हणजे विम, प्रसिद्ध केला. इतकी वर्षे टिकलेले साधन एका कर्सरपायी टाकून देऊ नये. सर्व्हरवर लोहित देवनागरी फॉन्ट बसवा, म्हणजे अक्षरे नीट दिसतील. ‘विमट्यूटर’ हा धडाही अर्ध्या तासात पुरा होतो, तो अवश्य करा.

कातळशिल्प
फॉन्ट सर्व्हरवर बसवून उपयोग नाही. सर्व्हर केवळ अक्षरांचे संकेत पाठवतो आणि ती रेखाटण्याचे काम समोरच्या संगणकावरील टर्मिनल करते. धागाकर्तीने सर्व्हर हा शब्द फक्त शीर्षकात लिहिला आहे, म्हणूनच मी विचारत होतो.

शब्दवेचा
क्षमा असावी, ते गृहीत धरले होते. फाईल महाविद्यालयाच्या लिनक्स सर्व्हरवर आहे आणि मी घरच्या उबुंटू लॅपटॉपवरून एसएसएचने (दूरच्या संगणकावर काम करू देणाऱ्या जोडणीने) जोडून घेते. लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरसंकेतांची मांडणी, दोन्हीकडे यूटीएफ-८ आहे, हे आत्ताच पाहिले. विमट्यूटर पूर्वीच केला आहे; माझी अडचण आज्ञांची नसून अक्षरांची आहे.

पागोळी
नॅनो वापरा. उबुंटूमध्ये तो आधीपासून असतो आणि बहुतेक आज्ञा पडद्याच्या तळाशीच लिहिलेल्या असतात. ‘अपडेट-अल्टर्नेटिव्ह्ज’ चालवून त्यालाच मुख्य एडिटर करा, नाहीतर ‘व्हिज्युअल’ आणि ‘एडिटर’ ही दोन्ही चले शेलच्या फाईलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे क्रॉनटॅबसुद्धा (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी) त्यातच उघडेल.

निळी शाई
क्रॉनटॅबविषयी त्यांनी विचारलेलेच नाही. ईमॅक्स घ्या. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या २७.१ आवृत्तीपासून ईमॅक्स जोडाक्षरांच्या मांडणीसाठी हार्फबझ वापरू शकतो, त्यामुळे क्ष, ज्ञ, र्य सगळे छापल्यासारखे दिसते. मराठी लिहिण्याची सोयही आतच आहे: कंट्रोल आणि उलटा स्लॅश दाबून ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ किंवा ‘देवनागरी-आयट्रान्स’ निवडता येते. सर्वांत मोठा लाभ असा की मराठी चालू असतानाही आज्ञांच्या कळा इंग्रजीच राहतात. विममध्ये मराठी कळफलक चालू ठेवून एस्केप दाबले आणि ओळ पुसण्यासाठी दोनदा डी दाबले, तर विमला डी मिळतच नाही.

जुनी दौत
ते विमलाही येते. मी स्वतः लिहिलेली कीमॅप फाईल (कोणत्या कळेने कोणते अक्षर उमटावे हे सांगणारी) वापरतो. इन्सर्ट (लिहिण्याच्या) स्थितीत कंट्रोल आणि टोपीचिन्ह दाबले की मराठी, पुन्हा दाबले की इंग्रजी, आणि नॉर्मल (आज्ञांच्या) स्थितीत आज्ञा आपोआप इंग्रजीतच चालतात. माहिती नसताना दोष देऊ नये.

कातळशिल्प
दोघांनाही विनंती आहे की आधी मूळ कारण पाहू. शब्दवेचाताई, विममध्ये एका ओळीवर ‘काकाकाका’ आणि दुसरीवर ‘कुकुकुकु’ लिहा, दोन्ही ओळींच्या अखेरीस कर्सर नेऊन पाहा आणि काय दिसते ते कळवा.

शब्दवेचा
पाहिले. पहिल्या ओळीत कर्सर चार घरे मागे पडतो, तर दुसऱ्या ओळीत तो अगदी जागेवर असतो. असे का होते?

कातळशिल्प
युनिकोडमध्ये उकार, मात्रा, अनुस्वार यांना स्वतःची रुंदी नसलेली चिन्हे मानले आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी विम आणि टर्मिनल यांचे एकमत असते. काना, वेलांटी आणि विसर्ग ही जागा व्यापणारी चिन्हे आहेत. विम ‘का’ला एकच घर देतो, कारण त्याच्या हिशेबी काना आधीच्या अक्षराला चिकटलेला असतो, तुमचे टर्मिनल मात्र त्या कान्याला वेगळे घर देत आहे. म्हणून ओळीत जितके काने आणि वेलांट्या, तितकी घरे कर्सर मागे राहतो. याच कारणाने निळी शाई यांचा सल्ला अर्धाच बरोबर आहे: एसएसएचमधून त्याच टर्मिनलमध्ये ईमॅक्स उघडला, तर घरांची वाटणी शेवटी टर्मिनलच करणार. नॅनोलाही ते चुकणार नाही.

निळी शाई
हे मान्य आहे, मी ते स्पष्ट लिहायला हवे होते. ईमॅक्स सर्व्हरवर नव्हे तर लॅपटॉपवर, स्वतंत्र खिडकीत चालवा. फाईल उघडताना मार्गाच्या सुरुवातीला एसएसएच आणि सर्व्हरचे नाव लिहिले की ट्रॅम्प नावाची सोय ती फाईल तिकडून आणते आणि जतन करताना परत तिकडेच ठेवते. त्यात बॅकस्पेस फक्त शेवटचे चिन्ह काढते आणि डिलीट पूर्ण जोडाक्षर काढते, हा फरक कोशाच्या कामात फार उपयोगी पडतो. ईमॅक्स शिकायला वेळ नसेल तर केट एडिटरही एसएफटीपीच्या पत्त्याने दूरची फाईल उघडतो.

कातळशिल्प
आता शोधाविषयी. जी ‘दुसऱ्या’ सापडत नाही, तिच्या ‘ऱ्’वर विममध्ये कर्सर नेऊन इंग्रजी ‘जी’ आणि ‘ए’ या कळा एकापाठोपाठ दाबा. तळाशी अक्षरांचे संकेत येतील. ०९३१ आणि ०९४डी आले, तर तो एकसंध ‘ऱ’ आणि हलन्त आहे. ०९३०, ०९३सी, ०९४डी आले, तर साधा ‘र’, नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) आणि हलन्त आहे. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण विमच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत.

शब्दवेचा
ईमॅक्स लॅपटॉपवर बसवला आणि फाईल उघडली. कर्सर आता जिथे दिसतो तिथेच असतो. ‘वायंगणी’ दुरुस्त झाले. संकेत मात्र तुम्ही सांगितल्यापेक्षा निराळे निघाले. माझ्या नोंदींत ०९३१ आहे, पण सहकाऱ्याने पाठवलेल्या नोंदींत ०९३०, ०९४डी आणि त्यापुढे २००डी असे येते. सगळ्या नोंदी एनएफसीमध्ये (युनिकोडच्या एकसंध अक्षरांच्या प्रमाण रूपात) आणण्याचा सल्ला मला अन्यत्र मिळाला होता, तो वापरून पाहिला, तरीही त्या ओळी तशाच राहिल्या.

कातळशिल्प
एनएफसीने नुक्त्याचा ‘ऱ’ एकसंध झाला असता, पण २००डी हा न दिसणारा जोडक आहे आणि एनएफसी त्याला हात लावत नाही. तुमच्या सहकाऱ्याच्या कळफलकावर चंद्रकोरीसारखा ‘र’ साधा ‘र’, हलन्त आणि जोडक यांनी उमटत असावा. फाईलची एक प्रत बाजूला ठेवा आणि पायथॉन भाषेतल्या रिप्लेस या आज्ञेने ०९३०, ०९४डी, २००डी या क्रमाच्या जागी ०९३१, ०९४डी घाला. विमच्या बदलाच्या आज्ञेने हे करू नका, कारण चिकटलेल्या चिन्हांवर तिचे वागणे भरवशाचे नसते. त्यानंतर ‘दुसऱ्या’बरोबर ‘वाऱ्यावर’ आणि ‘तऱ्हा’ हेही शोधून पाहा.

शब्दवेचा
बदल केला, आता तिन्ही शब्द सगळ्या ओळींत सापडत आहेत. सहकाऱ्यालाही कळफलकाची मांडणी बदलायला सांगितले आहे. सर्वांचे मनापासून आभार. जुनी दौत, तुमची कीमॅप फाईल इथे देता आली तर अवश्य द्या, कारण छोट्या दुरुस्त्या मी अजूनही विममध्येच करीन.