मदत हवी आहे: नान्नजजवळचं रान, माळढोक अभयारण्य आणि विहीर

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजजवळ आमचं चार एकर जिरायत रान आहे. विहिरीचा विषय काढला की गावात एकच उत्तर, "माळढोकात हाय तुझं रान, परवानगी लागंल." १९७९ चं हे अभयारण्य आधी साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, नंतर बरंच कमी केलं. (माळढोक पक्षी मी एकदाच पाहिलाय, लहानपणी, तोही लांबून.) आमचा गट आत राहिला की सुटला, हे सातबाऱ्यावर दिसतं का? बाहेर असला तरी इको-सेन्सिटिव्ह झोनचे (अभयारण्याभोवतीच्या निर्बंधांच्या पट्ट्याचे) नियम लागू होतात का?

शिवाय काळवीटं ज्वारी खातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीतला प्राणी, हात लावायचा प्रश्नच नाही. भरपाईचा अर्ज कुणी केलाय का? पंचनाम्याला कोण कोण आलं होतं?