चर्चा: वायफाय प्लगातलं कंपनीचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) काढून टास्मोटा घालावं का?

लोकमान्यनगरकर

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. मोटर खाली जिन्याखाली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि आईचे गुडघे गेलेले. म्हणून मोटरला १६ अँपिअरचा वायफाय प्लग लावला. नळ आला की आई फोन करते, मी ऑफिसातून मोटर चालू करतो, चाळीस मिनिटांनी बंद.

गेल्या महिन्यात चालू केली. बंद करायला गेलो तर ॲप म्हणतं, पुन्हा लॉगिन करा. ओटीपी येईना. तोवर टंकी ओसंडून खालच्या बिऱ्हाडाची स्कूटर न्हाऊन निघाली. नर्मदामाई नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर-एक किलोमीटर चढून इंदूरला येते आणि माझी मोटर बंद करायला एका परक्या सर्व्हरची परवानगी लागते!

तर ठरवलंय, प्लग उघडून टास्मोटा घालायचं. २०१६ पासून चालू असलेलं, फुकट, खुलं सॉफ्टवेअर आहे. त्यात 'पल्सटाइम २५००' एवढी एक आज्ञा दिली की मोटर चालू झाल्यापासून २४०० सेकंदांनी प्लग स्वतःच बंद होतो (१११ च्या वरचा आकडा दिला की टास्मोटा त्यातून १०० वजा करून उरलेले सेकंद धरतं, म्हणून २५००). नेट असो वा नसो. माझं मत स्पष्ट आहे: जे यंत्र मालकाचं सोडून कंपनीचं ऐकतं, ते विकत घेतलेलं नसतं, भाड्याचं असतं. ज्यांचा विरोध असेल त्यांनी बोला.

जेलरोडचा_दुकानदार

विरोध आहे. आधी प्लग उघडून तर बघा. पाच-सहा वर्षांपूर्वी या प्लगांत ईएसपी८२६६ चिप सर्रास असायची, टास्मोटा तिच्यासाठीच जन्मलं. आता स्वस्त प्लग उघडला की बऱ्याचदा बेकन कंपनीची बीके७२३१ चिप निघते. तिच्यावर टास्मोटा बसत नाही. ओपनबेकन नावाचं दुसरं आहे, ते बसतं. पण गिऱ्हाईक यूट्यूब बघून येतं, चुकीची फाइल घालतं, आणि मग माझ्या काउंटरवर मेलेला प्लग ठेवून म्हणतं, भिया, जरा बघा ना.

दुसरं, तुमच्या ॲपात काउंटडाउन, म्हणजे ठरल्या वेळानं बंद करणारा टायमर, असेल. माझ्या घरच्या प्लगात तो प्लगाच्या आतच चालतो. राउटर बंद करून तपासलंय. एवढ्यासाठी वॉरंटी कशाला घालवायची?

लोकमान्यनगरकर

काउंटडाउन आहे, पण दर वेळी आठवणीनं लावावा लागतो. पल्सटाइम एकदा दिला की कायमचा. बटण दाबून चालू करा की फोनवरून, चाळीस मिनिटांनी बंद म्हणजे बंद. चिपचं मात्र मान्य. उघडून बघतो.

वायरमन_तीस_वर्षं

तुम्ही सगळे सॉफ्टवेअरवर भांडताय, मला भलतीच काळजी आहे. दोन गोष्टी सांगतो, मग खुशाल काय ते घाला.

एक. या प्लगाच्या आतला पॉवर सप्लाय आयसोलेटेड नसतो. म्हणजे बोर्डावर 'ग्राउंड' लिहिलेल्या पिनेवरसुद्धा घरची २३० व्होल्टची फेज असू शकते. प्लग सॉकेटात आणि सॉफ्टवेअर घालायची सीरियलची तार लॅपटॉपला, असं दोन्ही एका वेळी केलंत तर लॅपटॉप तरी जाईल नाहीतर तुम्ही. फ्लॅश करताना, म्हणजे नवं सॉफ्टवेअर घालताना, प्लग भिंतीपासून लांब, टेबलावर. आत काहीही करायचं ते यूएसबी ॲडॅप्टरच्या ३.३ व्होल्टवर. ५ व्होल्ट दिले तर चिपचं श्राद्ध घालायचं.

दोन. मोटर थेट प्लगावर चालवताय हीच मुळात चूक. प्लगावर १६ अँपिअर लिहिलेलं असतं ते गीझर-इस्त्रीसारख्या लोडसाठी. एक एचपीची मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट खेचते. त्यात प्लगातल्या रिलेचे (आतल्या विजेच्या स्विचचे) पॉइंट जळतात, एक दिवस चिकटतात. मग फोनवर 'बंद' दिसतं आणि मोटर धडधडत असते. तेव्हा टास्मोटा असो, कंपनीचं असो, नाहीतर तुमचा पल्सटाइम असो, कुणाच्या बापाला ती बंद करता येणार नाही.

मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा भार झेलणारा दणकट स्विच, टाका. प्लगानं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची, मोटरचा भार कॉन्टॅक्टरनं झेलायचा.

लोकमान्यनगरकर

काका, हे माहीत नव्हतं. धन्यवाद. पण मग वॅट मोजणारा प्लग असेल तर 'बंद' असूनही सातशे वॅट दिसतील, म्हणजे रिले चिकटली ते कळेल ना?

वायरमन_तीस_वर्षं

कळेल. कळून काय करणार, तुम्ही ऑफिसात.

स्वयंभू_सर्व्हर

मी लोकमान्यनगरकरांच्या बाजूनं. वॉरंटी वॉरंटी काय करता? कंपनीच उरली नाही तर? अमेरिकेत इन्स्टिऑन या स्मार्ट-होम कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडले, गिऱ्हाइकांना आधी अवाक्षरही कळवलेलं नव्हतं. बेल्किननं जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं की वीमो या त्यांच्या स्मार्ट प्लग-स्विचांपैकी बहुतेकांचा क्लाउड (कंपनीचा सर्व्हर) ३१ जानेवारी २०२६ ला बंद. आतली रिले ठणठणीत, बाहेरचा सर्व्हर मेला, की ॲप निरुपयोगी.

माझ्या घरी अकरा स्विच आहेत. काही टास्मोटा, काही ईएसपीहोम (तेही खुलं फर्मवेअर), आणि रास्पबेरी पाय नावाच्या एका जुन्या छोट्या कॉम्प्युटरवर हे सगळं एकत्र चालवणारं होम असिस्टंट. नेट तुटलं तरी घर चालतं.

सूनबाई_रामबाग

अकरा स्विच आणि त्यांना सांभाळणारा माणूस एकच, बरोबर?

आमच्याकडेही असंच होतं. यांनी अख्खं घर फ्लॅश केलं. कौतुकानं, खोटं नाही बोलत. मग हे पंधरा दिवस पुण्याला गेले. पावसात लाइटनं लपंडाव मांडला, पाच मिनिटांत सहा-सात वेळा गेली-आली. त्यानंतर हॉलचे पंखे फोनवरून चालेनात आणि वायफायच्या यादीत 'टास्मोटा' नावाची तीन नवी नेटवर्क दिसायला लागली. सासूबाईंना वाटलं शेजाऱ्यांनी काहीतरी घुसवलं. यांनी व्हिडिओ कॉलवर एकेक प्लग माझ्याकडून पुन्हा जोडून घेतला, दीड तास. मला आयपी ॲड्रेस म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं, आणि कळायची अजिबात इच्छा नव्हती.

कंपनीचं ॲप कितीही रद्दी असू दे, सासूबाईंना ते जमतं. तुम्ही म्हणता यंत्र मालकाचं ऐकलं पाहिजे. घरात मालक किती जण असतात ते पण बघा.

स्वयंभू_सर्व्हर

ताई, तो दोष नाही, सोय आहे. झटपट सहा-सात वेळा वीज गेली-आली की टास्मोटा फॅक्टरी रीसेट होतं, म्हणजे अडकलेला प्लग सोडवता यावा. 'सेटऑप्शन६५ १' दिलं की ते बंद होतं. आपल्याकडच्या लाइटला ते पहिल्याच दिवशी द्यायला हवं.

सूनबाई_रामबाग

हे मला नाही, यांना माहीत असायला हवं होतं. माझा मुद्दा तोच आहे.

जेलरोडचा_दुकानदार

ताईंना माझ्याकडून पोहे-जिलेबी.

आणि लोकमान्यनगरकर, एक राहिलंच. क्लाउड काढला तर ऑफिसातून मोटर चालू कशी करणार? टास्मोटाचं पान घरच्या वायफायवरच उघडतं. राउटरचं पोर्ट उघडून ते पान थेट इंटरनेटवर टाकू नका, जगातला कुणीही येऊन तुमची मोटर चालू करेल.

स्वयंभू_सर्व्हर

व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट. पण यांना लागणारही नाही.

लोकमान्यनगरकर

खरंच लागणार नाही. काल रात्री विचार करत होतो. मी चालू करायचो ते फक्त बंद करायची जबाबदारी माझी होती म्हणून. आपोआप बंद होणार असेल तर आईनं तिच्या फोनवर एक बटण दाबलं की झालं, मला फोन करायचीही गरज नाही.

प्लग उघडला. ईएसपी८२६६ निघाली, नशीब. आधी मूळ फर्मवेअरची कॉपी काढून ठेवली, मग टास्मोटा घातलं, पल्सटाइम आणि सेटऑप्शन दोन्ही दिले. लाइट जाऊन आली की मोटर आपणहून सुरू होऊ नये म्हणून 'पॉवरऑनस्टेट ०' पण. सूनबाईंचं ऐकून या सगळ्या आज्ञा कागदावर लिहून मीटरच्या पेटीत चिकटवल्या आहेत. गीझर आणि दिवाणखान्यातल्या प्लगांना हात लावणार नाही. ते बिघडले तर कुणाची स्कूटर भिजत नाही.

स्वयंभू_सर्व्हर

म्हणजे अर्धीच क्रांती.

वायरमन_तीस_वर्षं

कॉन्टॅक्टर?

लोकमान्यनगरकर

शनिवारी महाराणी रोडवरून आणतो. कॉइल किती व्होल्टची मागू?

वायरमन_तीस_वर्षं

२३० एसी. नुसतं 'कॉन्टॅक्टर द्या' म्हणालात तर २४ व्होल्टचा हातात ठेवतील. आणि तो बसेपर्यंत मोटर खालच्या स्विचवरूनच चालवा. गुडघे दुखत असतील तर खालच्या बिऱ्हाडाला सांगा, स्कूटरवाल्यांना. तेवढं ते आनंदानं करतील.