फक्त लाँग एक्स्पोजरमध्येच उजवीकडे पांढरा पट्टा येतोय

सहाबायसहा:
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. माझ्याकडे सत्तरच्या दशकातला सहा बाय सहा (सेंटिमीटरची फ्रेम) फिल्म एसएलआर आहे, सुटं मॅगझिन (फिल्मचा मागचा डबा), डार्क स्लाइडवालं (फटीतून फिल्मपुढे सरकवायचा पत्रा, फोटो काढताना बाहेर). गेल्या महिन्यात हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या खडकांत ट्रायपॉड रोवून एफपी४ या कृष्णधवल फिल्मचा रोल संपवला. संध्याकाळचे पाच, तोंड उत्तरेला. एफ/२२ला लाइट मीटर १/१५ सेकंद म्हणत होता; दहा स्टॉपचा एनडी (उजेड हजारेक पट कमी करणारा काळा फिल्टर) लावल्यावर ६८ सेकंद, रेसिप्रोसिटी (लांब वेळेला फिल्म मंदावते, त्याची भरपाई) धरून साडेतीन मिनिटं. अशा सात फ्रेम. सातही फ्रेमच्या उजव्या कडेला पांढरट पट्टा, आत येता येता विरत गेलेला. त्याच रोलवर १/१२५ला काढलेले बायकोचे पाच फोटो मात्र स्वच्छ!
लॅबवाला म्हणतो कॅमेरा बघा, दुरुस्तीवाला म्हणतो लॅब बघा. मी मॅगझिनच्या उजव्या बाजूला काळी टेप चिकटवून आणखी एक रोल वाया घालवला. फरक शून्य.

जुना_डार्करूमवाला:
लॅबला सोडा हो. तिथे घोळ झाला असता तर बायकोचे पाच फोटो बरोबर वगळून झाला नसता.
निगेटिव्ह उजेडावर धरा. पट्टा तिथे काळा दिसेल. तो चौकटीतच थांबतो, की बाहेर फ्रेम नंबर असतात त्या काठापर्यंत जातो? काठावर गेला असेल तर मागचं दार तरी, नाहीतर रोल ढिला गुंडाळला गेलाय. चौकटीतच असेल तर उजेड फिल्मच्या पुढच्या बाजूने शिरलाय.
आणि टेप चुकीच्या बाजूला लावलीत. लेन्स चित्र वरखाली उलटं पाडते तसं डावंउजवंही. प्रिंटच्या उजवीकडचा डाग म्हणजे कॅमेऱ्यामागे उभं राहिल्यावर तुमच्या डाव्या हाताची बाजू. उत्तरेला तोंड, संध्याकाळचे पाच, मग ऊन कुठून येत होतं?

सहाबायसहा:
डावीकडून. स्लाइडची फटही डावीकडेच. पट्टा चौकटीतच आहे. कपाळ माझं.

कोकणक्लिक:
एवढ्यात निकाल नको. वरच्या फाइंडरचं झाकण उघडं होतं का? आरसा वर जाऊन जिथे टेकतो तिथला फोम गेला असेल तर तिथूनही उजेड झिरपतो. माझ्याकडे तेच निघालं होतं. तेव्हापासून शटर उघडलं की झाकण बंद आणि वरून काळं फडकं.

जुना_डार्करूमवाला:
हेही खरं. मग एक मुदत संपलेला रोल घाला. लेन्सला कॅप, स्लाइड बाहेर, बाल्कनीत कॅमेऱ्याची डावी बाजू उन्हात, शटर बी वर (हवं तितका वेळ उघडं) पाच मिनिटं. पहिली फ्रेम तशीच. दुसरीला फक्त फटीवर टेप. तिसरीला फट उघडी, पण फाइंडर बंद करून फडक्याने झाकलेला. चौथीला अख्खा कॅमेरा काळ्या कापडात. कुठली फ्रेम कुठली हे लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

सहाबायसहा:
झालं. १ आणि ३ वर पट्टा, २ आणि ४ कोऱ्या. म्हणजे फटच. मॅगझिन उघडून फटीवरची पट्टी काढली तर आतल्या फोमची काकवी झालेली, बोटाला चिकटत होती. आयसोप्रोपिल आणि कानकोरण्याच्या कापसाने तासभर पुसत बसलो. नवा पातळ फोम कापून बसवला. काल परत पाच मिनिटं उन्हात ठेवला, फ्रेम कोरी. पण स्लाइड आता जड जातेय, दोनदा अडकली. चालतं का?

जुना_डार्करूमवाला:
नवा फोम आहे, जरा जड जाणारच. तिरकी घालू नका, एक कोपरा आधी आत गेला की फोम उचकटतो. आणि मॅगझिन रिकामं असेल तेव्हा स्लाइड बाहेर काढून ठेवा, नाहीतर दबून दबून हाही बसेल.